आर्गॉनमधला निळा रंग

मंगळवारी सकाळी साडेअकराला अवधूत पेडणेकरने परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरली तर ती निळी होती. तिला निळं असायचं काहीच कारण नव्हतं. गेली पाच वर्षं तो याच रंगाची वाट बघत होता. नळीत चाचणीच्या रसायनाचे दोन थेंब टाकायचे, तासभर थांबायचं, आणि निळं झालं की अमोनिया तयार झाला असं समजायचं, जितकं गडद तितका जास्त. निळा रंग दिसला की त्याला आपोआप बरं वाटायचं. लोकांच्या छत्र्या, बेस्टच्या थांब्यावरच्या पाट्या, कॉलेजातल्या नलूताईंची लादी पुसायची बादली, कुठलंही निळं बघून छातीत थोडं मोकळं व्हायचं. तसंच आत्ताही झालं, अर्धा सेकंद. मग त्याने नळीवरची चिठ्ठी वाचली आणि छाती पुन्हा होती तशी झाली. चिठ्ठीवर त्याच्याच अक्षरात ‘आर्गॉन’ असं लिहिलं होतं. आर्गॉन हा कशाशीच संबंध न ठेवणारा वायू. त्यात नायट्रोजन नाही. आणि नायट्रोजनच नाही तर अमोनिया होणार कशाचा? पोळपाटावर पीठच नव्हतं आणि ताटात मात्र पोळी होती, तीही टम्म फुगलेली.

परळच्या त्या जुन्या कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर चालायचं ते काम सांगायला सोपं होतं, म्हणूनच अवधूतला ते सांगताना नेहमी संकोच वाटायचा. हवेत नायट्रोजन उदंड आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ते सोडवायला खतांच्या कारखान्यांत प्रचंड उष्णता आणि दाब लागतो. अवधूतला ते टेबलावर, चहाच्या पेल्याएवढ्या काचेच्या भांड्यात, मोबाइल चार्ज होईल एवढ्या विजेवर करायचं होतं. त्यासाठी हवा होता उत्प्रेरक, म्हणजे मध्ये पडून अणूंची समजूत घालणारा आणि स्वतः जसाच्या तसा राहणारा कुणीतरी. तो त्यांना सापडला होता. त्याचं नाव एसके-१७. एसके म्हणजे सुचित्रा कोठारे, त्याच्या गाइड, आणि सतरा म्हणजे आधीचे सोळा फुकट गेले होते. मोलिब्डेनम आणि बिस्मथची ती काळी पूड कागदाएवढ्या पातळ कार्बनवर फासायची, सौम्य आम्लात बुडवायची, खालून वायूचे बुडबुडे सोडायचे आणि वीज चालू करायची. एसके-१७ वर चौदा महिन्यांपूर्वी पेपर आला होता. मॅडमचा फोटो कॉलेजच्या जिन्यात लागला होता. लालबागच्या चाळीत गणपतीच्या मंडपात अवधूतचा सत्कार झाला होता, ‘हवेतून खत बनवणारे आपले अवधूत’ असा, आणि त्याच्या हातात नारळ देताना कार्यवाहांनी माइकवर विचारलं होतं की मग हे खत कुंडीतल्या तुळशीला चालेल का. तो चालेल म्हणाला होता. वर्षभर जमवलेला त्याचा सगळा अमोनिया तुळशीच्या एका पानालाही पुरला नसता.

आणि आता प्रबंध द्यायला तीन आठवडे उरलेले असताना, एका परीक्षकाने नायट्रोजनऐवजी आर्गॉन सोडून चाचणी तीनदा करून दाखवा असं लिहिलं होतं म्हणून, निव्वळ त्या माणसाचं समाधान व्हावं म्हणून त्याने ती केली होती. पूर्वी ती एकदाच केली होती, मे महिन्यातल्या एका रविवारी. तेव्हा नळी पाण्यासारखी आली होती. तोच आकडा पेपरात गेला होता आणि त्याच आकड्याच्या जिवावर बाकीचे सगळे आकडे उभे होते. अवधूतने नळी रंग मोजणाऱ्या यंत्रात ठेवली. पडद्यावर आलेला आकडा नायट्रोजनच्या सरासरीपेक्षा थोडा जास्तच होता. हा जास्तपणा त्याला अपमानकारक वाटला. बरोबरीत आला असता तरी एक वेळ चाललं असतं.

‘आर्गॉन कसं आलं रे?’ मॅडमनी दारातूनच विचारलं.

‘रीडिंग व्हायचंय मॅडम,’ तो म्हणाला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच आपण या खोलीत खोटं बोललो हे त्याच्या लक्षात आलं. की पाच वर्षं आपण दुसरं काहीच बोललो नाही?

त्या दिवसापासून त्याला सगळीकडे अमोनिया दिसायला लागला. हातमोजे त्याने पाण्यात भिजवून तपासले. पाणी तपासलं. सिलिंडरची नळी बदलली. तिसऱ्या मजल्याची लादी पुसणाऱ्या नलूताईंची बादली ओढून घेऊन त्यातलं थोडं पाणी बाटलीत भरलं, तेव्हा नलूताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘चौदा वर्षं पुसतेय मी. आजवर कुणी माझं पाणी तपासलं नव्हतं.’ तो म्हणाला, तसं नाही हो ताई. त्या म्हणाल्या, मग कसं? पाणी निर्दोष निघालं, आणि तीन दिवस नलूताईंनी त्याच्या टेबलाखालची जागा सोडून बाकीची खोली पुसली. मॅडम दिवसातून दोनदा विचारायच्या आणि तो दिवसातून दोनदा म्हणायचा की यंत्र गरम होतंय. रात्री अंथरुणावर पडलं की त्याला वाटायचं, आपणच त्या भांड्यात आहोत, खालून बुडबुडे येताहेत आणि वरून कुणीतरी वाकून रंग बघतंय.

घरी तो आणि बाबा असे दोघेच. बुधाजी पेडणेकर माझगावच्या एका बर्फाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं कंप्रेसरवर होते. तिथे बर्फ गोठवायला अमोनियाच वापरायचे, पिंपांनी. अवधूत लहान असताना बाबा जिना चढायला लागले की दुसऱ्या मजल्यावर कळायचं. आई नाकाला पदर लावून म्हणायची, आले तुझे बाबा, पाणी काढ. शाळेत मुलं त्याच्या दप्तराचा वास घ्यायची. बाबांच्या लेखी अमोनिया हा एक आडदांड, रागीट, पण सरळ मनुष्य होता. मुलगा त्यावर डॉक्टर होणार म्हटल्यावर ते एकदा हौसेने कॉलेजात आले होते, भांड्यावर वाकून त्यांनी दीर्घ श्वास घेतला होता आणि निराश होऊन विचारलं होतं, ‘वास खंय हा?’ वास येण्याएवढा होत नाही, अवधूतने सांगितलं होतं. ‘मगे तो अमोनिया कसलो? डोळ्यांत पाणी येऊक व्हया,’ असं म्हणून ते खाली जाऊन चहा पीत बसले होते. म्हणून या बाबतीत त्यांच्याशी काही बोलायचं तो टाळत आला होता. पण गुरुवारी ताटावर बसल्यावर ते आपणहून म्हणाले, ‘काय झाला? तीन दिस तू बांगडो उलटो करून खातंस नाय.’

‘अमोनिया येतोय,’ अवधूत म्हणाला. ‘पण कुठून येतोय ते कळत नाही.’

‘म्हणजे गळती.’

‘गळती नाही बाबा. ते तसं नसतं.’

‘नको तेव्हा येता, नको थंयसून येता, तर गळतीच ती.’ बाबांनी भाताचा घास घेतला, संपवला. ‘खुर्चेर बसान गळती गावणा नाय. आमी गंधकाची काडी पेटवायचो नि पायपाक पायप लावन फिरायचो. जंय धूर पांढरो झालो, थंय गळती. हिशेब करून कोण शोधी नाय.’

शुक्रवारी अवधूतने खोलीभर आम्लाच्या बारा उघड्या नळ्या मांडल्या. खिडकीत, कपाटावर, सिंकपाशी, दाराशी, भांड्याच्या दोन्ही बाजूंना. संध्याकाळी थेंब टाकल्यावर दहा नळ्या पाण्यासारख्या होत्या आणि भांड्याजवळच्या दोन निळसर. म्हणजे जे काही होतं ते भिंतीतून किंवा रस्त्यावरून येत नव्हतं, भांड्याजवळ येऊन उभं राहत होतं. उभं राहत होतं हे क्रियापद त्याच्या मनात आपोआप आलं आणि तो स्टुलावर बसला. त्याने वही उघडली. एसके-१७ चे चांगले दिवस आणि वाईट दिवस. मे महिन्यातला तो रविवार, स्वच्छ. रविवारी मॅडम येत नाहीत. ऑगस्टमधले चार दिवस, काहीच नाही. मॅडम दिल्लीला सेमिनारला. जानेवारीचे दोन आठवडे आकडे साफ पडलेले, तेव्हा सगळ्यांनी मिळून सिलिंडरला दोष दिला होता आणि तो परत पाठवला होता. त्याच दोन आठवड्यांत मॅडमना सर्दी होती आणि त्या मास्क लावून फिरत होत्या. आणि आजवरचा सर्वांत मोठा आकडा, ज्याचा आलेख पेपरात पहिल्या पानावर आहे, तो मार्चच्या नऊ तारखेचा. नऊ मार्च त्याला लख्ख आठवत होता. त्या दिवशी तो झाकण काढून इलेक्ट्रोड सरळ करत असताना मॅडम भांड्यावर ओणव्या होऊन पाऊण तास त्याला झापत होत्या.

बाकीच्या सोळा उत्प्रेरकांजवळ मॅडम उभ्या राहत नसत. सतरावा त्यांचा लाडका होता.

शनिवारी सकाळी त्याने तीन नळ्या घेतल्या. पहिली घेऊन तो गच्चीत गेला आणि पाण्याच्या टाकीआड बसून तिला अख्खं वर्तमानपत्र वाचून दाखवलं, बाजारभावांसकट. दुसरीसाठी नलूताईंची मनधरणी करावी लागली. बोलायचंय काय, त्यांनी विचारलं. काहीही. कुणाशी? नळीशी. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, मग स्टूल ओढून घेतलं आणि नळीला चिंचपोकळीच्या नणंदेची सगळी हकिगत सांगितली, लग्नापासून. पंचवीस मिनिटांनी तो थांबवायला गेला तर हातानेच त्याला गप्प करून त्यांनी आणखी दहा मिनिटं घेतली आणि उठताना म्हणाल्या, ‘बरं वाटलं हो. परत लागलं तर सांगा.’ तिसरी नळी अवघड होती. पण मॅडमना कशाने बोलतं करायचं हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. त्या आल्या तेव्हा त्याने त्यांच्या समोर, टेबलाच्या कडेला, नळी ठेवली आणि सहज विचारलं, ‘मॅडम, गिरगावातल्या तुमच्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटचं काय झालं?’

मॅडम चाळीस मिनिटं बोलल्या. बिल्डरबद्दल, कमिटीबद्दल, तळमजल्यावरच्या गंगाधरकाकांबद्दल, ज्यांनी सही करतो सांगून दोनदा पेन हरवलं होतं. अवधूत मान डोलवत होता आणि त्याचं सगळं लक्ष त्यांच्या तोंडाकडे होतं, आणि आपलं लक्ष त्यांच्या तोंडाकडे आहे याची त्याला भयंकर लाज वाटत होती. पाच वर्षांत या तोंडातून त्याने केवढं ऐकलं होतं. थिसिसचं पहिलं प्रकरण सहा वेळा लिहायला लावणारं तोंड. आई गेली त्या आठवड्यात रोज दुपारी फोन करून, जेवलास का, एवढंच विचारून ठेवून देणारं तोंड. त्याच्याखाली आपण गुपचूप नळी ठेवलीय.

एक तासाने त्याची नळी किंचित निळसर होती, नलूताईंची जवळपास स्वच्छ, आणि मॅडमची दौतीतल्या शाईसारखी.

पहिल्यांदा त्याला हसू आलं. एकटाच बसून तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. जगातला एक नंबरचा उत्प्रेरक सापडला होता आणि तो गिरगावात राहत होता, पेन्शनला चार वर्षं बाकी होती. मग माणसाच्या श्वासात अमोनिया किती असतो हे बघायला त्याने जुने पेपर उघडले, आणि दुसऱ्याच पानावर त्याचं हसू थांबलं. सगळ्यांच्या श्वासात तो थोडा असतो. तोंडातल्या जिवाणूंमुळेही वाढतो. पण फार जास्त असेल तर मूत्रपिंडं तपासून घ्यावीत, असं तिथे साध्या भाषेत, कुणालाही न घाबरवता लिहिलं होतं.

परळहून लालबागला तो चालत गेला आणि वाटेत वाक्यं जुळवत राहिला. मॅडम, एक बारीकशी गोष्ट आढळलीय. मॅडम, प्रदूषणाचा स्रोत मिळाला, तो सजीव आहे. मॅडम, तुमच्या उपस्थितीत उत्पादन वाढतं. हे कौतुकासारखं वाटलं असतं. मॅडम, तुमच्या तोंडाला... इथे तो भारतमाता टॉकीजपाशी थांबला, आणि मागून येणाऱ्या बाईने त्याला पिशवी मारली. मराठीत हे वाक्य पूर्ण करायला जागाच नव्हती. न सांगता राहता आलं असतं का? मॅडम नसताना आर्गॉन पुन्हा करायचा, तीनदा स्वच्छ आणायचा, प्रबंध द्यायचा. परीक्षकाला तेच हवं होतं. मॅडमनाही तेच हवं होतं. नायट्रोजनला तर काहीच फरक पडणार नव्हता. ही कल्पना इतकी सोपी होती की तो चालता चालता तिच्यात शिरला, तिथे थोडा वेळ राहिला, डॉक्टरेटची पाटीसुद्धा दारावर लावून बघितली. आणि पाटीखालून मॅडम जिना चढताना दिसल्या, हल्ली चढतात तशा, दर मजल्याला कठड्याला धरून, सुजलेल्या पावलांना चपलेचा पट्टा घट्ट होतोय म्हणत.

बाबांना त्याने सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, पण ते हसले नाहीत. रेडिओ बंद करून ते म्हणाले, ‘एकदा मॅनेजराच्या केबिनीभायर माका बारीक वास इलो. आत मोठे साहेब बसलेले. दार वाजवूक लाजलंय. पाच मिनिटां, जास्त नाय. तेवढ्यात वाल्व्ह उडालो. आमचो कामावरचो लवू थंयसून चललो होतो. आठवडोभर डोळे उघडले नाय तेचे.’ मग त्यांनी पानाला चुना लावला. ‘सोमवारी सकाळीच सांग. दुपारपर्यंत ठेव नको, तू दुपारी भितंस.’

सोमवारी सकाळी त्याने सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. त्याने वही, आकडे आणि तीन नळ्या मॅडमच्या टेबलावर ठेवल्या आणि तिसरी कुणाची आहे ते सांगून तो जमिनीकडे बघत उभा राहिला. केबिनमध्ये पंख्याचा आवाज होता. मॅडमनी वही पहिल्यापासून वाचली, नऊ मार्चपाशी थांबल्या, जानेवारीपाशी थांबल्या. त्यांचा हात नकळत तोंडाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला.

‘म्हणजे तो बिल्डिंगचा विषय,’ त्या म्हणाल्या, ‘तू मुद्दाम काढलास.’

‘हो मॅडम.’

‘मला वाटलं तुला खरंच इंटरेस्ट आहे.’

हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

‘किती वेळा केलंस?’

‘काय?’

‘प्रयोग, अवधूत. किती वेळा केलास?’

‘एकदाच.’

‘एका नळीवरून तू माझा पेपर खोटा ठरवलास, आणि मला पेशंट. पाच वर्षं हे शिकवलं मी तुला?’ त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला, कारण आपण टेबलावरच्या उघड्या नळीवर वाकलोय हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. ‘नळ्यांवर नावं नकोत. नंबर नलूताई घालतील, यादी त्यांच्याकडे राहील. तुला कळता कामा नये कुठली कुणाची. चल.’

मग दोन दिवस तिसऱ्या मजल्यावर तीन माणसं आळीपाळीने नळ्यांशी बोलत होती. मॅडमना बोलायला विषय सुचेना, म्हणून त्यांनी आपलाच पेपर मोठ्याने वाचला, गोषवाऱ्यापासून संदर्भसूचीपर्यंत. सहा वेळा. चौथ्या वाचनाला त्यांना त्यात व्याकरणाच्या दोन चुका सापडल्या आणि त्या खऱ्याच अस्वस्थ झाल्या. बुधवारी संध्याकाळी नलूताईंनी कमरेची यादी काढून वाचली. सहा गडद नळ्या, सहाही मॅडमच्या. नलूताईंनी यादीची बारीक घडी घातली आणि म्हणाल्या, ‘बाई, रक्त तपासून घ्या. मी येते बरोबर.’

तिघंही गेले. दादरच्या लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या मुलीला मॅडमनी यंत्र शेवटचं कधी जुळवलं होतं, कोरा नमुना रोज लावता का, अशी उलटतपासणी केली, आणि ती म्हणाली, ‘आजी, मूठ घट्ट करा.’ आजी हा शब्द अवधूतने न ऐकल्यासारखं केलं. मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन २.४ आलं, असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त. किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला, पावलं दाबून बघितली आणि विचारलं की कुणी सांगितलं नसताना तपासायचं कसं सुचलं. मॅडम म्हणाल्या, ‘माझ्या विद्यार्थ्याच्या प्रयोगात आलं.’ डॉक्टरीणबाईंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मूत्रपिंडं निम्म्याहून अधिक थकली होती. वर्षभर उशीर झाला असता तर गोष्ट वेगळी होती, आता गोळ्या, पथ्य आणि दर महिन्याला तपासणी यावर बराच काळ निघेल, असं त्या म्हणाल्या. बाहेर आल्यावर मॅडम फुटपाथवरच उभ्या राहिल्या आणि पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या, जे तिथे नव्हतं. नलूताईंनी त्यांची पर्स बंद केली आणि त्यांचा हात धरून रस्ता ओलांडला. अवधूत मागून चालत होता. आपण कुणाला तरी वाचवलं की बुडवलं हे त्याला ठरवता येईना. दोन्ही भावना एकाच मापाच्या होत्या आणि एकमेकींना सोडत नव्हत्या.

पेपर मागे घेण्याचं पत्र त्याने लिहून नेलं. कारण म्हणून त्याने ‘प्रयोगशाळेच्या वातावरणातील अमोनिया’ असं घातलं होतं. मॅडमनी लाल पेनाने ते खोडलं.

‘वातावरण कोण?’

‘तसं लिहायची पद्धत आहे मॅडम.’

‘पुढच्या माणसाला काय शोधायचं ते कळलं पाहिजे. श्वास लिही. कुणाचा ते पण लिही.’

‘मॅडम, सगळे वाचतील.’

‘आधीचा पण सगळ्यांनी वाचला.’ त्यांनी स्वतःच लिहिलं, प्रकल्पप्रमुखाचा उच्छ्वास, आणि खाली सही केली. ‘आणि तुझा थिसिस. शीर्षक बदलायचं. नायट्रोजनपासून नव्हे, नायट्रोजनशिवाय अमोनिया कसा सापडतो, आणि तो कसा ओळखायचा. एक वर्ष लागेल. मी आहे तोवर हो म्हण.’ शेवटचं वाक्य त्यांनी पेनाचं टोपण लावता लावता म्हटलं, त्यामुळे ते रजेवर जाण्याबद्दल असावं असं वाटलं. तो हो म्हणाला. जिन्यातला फोटो मॅडमनी स्वतः शिपायाकडून उतरवून घेतला. त्या जागी भिंत चौकोनभर पांढरी राहिली होती.

ऑक्टोबरात एका दुपारी अवधूतने एसके-१७ पुन्हा लावला. नायट्रोजन दोन गाळण्यांतून घेतलेला, भांडं चारी बाजूंनी बंद, स्वतः तो मास्क लावून हात लांब करून काम करत होता. तीन नळ्या तासभर ठेवल्या. मॅडम दारात आल्या, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

‘किती?’

‘शून्य.’

‘तिन्ही?’

‘तिन्ही.’

मॅडमनी मान हलवली. त्या बारीक झाल्या होत्या. ‘लिहून ठेव. तारीख घाल. आणि जेवायला चल, डबा गार होतोय.’

केबिनमध्ये त्यांनी स्टीलचा डबा उघडून दुधीची भाजी दोन झाकणांत अर्धी अर्धी वाढली. पथ्याचा हा तिसरा महिना होता. अवधूतने पहिला घास घेतला, चावला, गिळला आणि म्हणाला, ‘छान झालीय मॅडम.’

मॅडम घास हातात धरून त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने आणखी एक घास घेतला. पोळीबरोबर घेतला, मग नुसता घेतला.

‘मीठ नाहीये,’ तो म्हणाला.

‘बरोबर,’ मॅडम म्हणाल्या, आणि जेवायला लागल्या.